पांगवणारी काठी

आधी मर्सेबाईचं नाव लिहिते. झालं काय ते मग. कारण झालं काय ते सांगायला लागले की जिचं नाव सगळ्यांत पहिलं यायला हवं तेच राहून जातं. मर्सेबाई. आडनाव मला माहीत नाही. सत्तरीची तरी असेल. उंची माझ्या खांद्याएवढी, पायात रबरी बूट, अंगात पुरुषाचा जुना कोट आणि हातात काठी. त्या काठीनं तिनं मला मारलं, माझ्या मालकांना, रफिकभाईंना मारलं, त्यांच्या बायकोला, नसीमभाभींना मारलं, आणि त्यांच्या पोरीला, झोयाला तर लाथ घालून काट्यांत पाडलं. आज झोया पलीकडच्या खोलीत पालथी पडून मोबाइल बघतेय आणि मी इकडे कांदा चिरता चिरता हे मनात जुळवतेय, ते त्या बाईमुळे.

जुलै लागला की दुबईत, ऊद मेथातल्या आमच्या बिल्डिंगीत कपाटांवरच्या बॅगा खाली उतरतात. लिफ्टमध्ये जो भेटेल तो विचारतो, "इस साल किधर?" बाहेर ऊन थोबाडीत मारत असतं. कचरा टाकायला खाली गेलं तरी चपलेतून तळवा भाजतो, गाडीच्या दाराला हात लावायचा तर ओढणीचा पदर मध्ये घ्यावा लागतो, आणि संध्याकाळी समुद्राकडून येणारी हवा ओल्या गोधडीसारखी तोंडावर बसते, श्वास घेऊ देत नाही. ज्यांना परवडतं ते पळतात. ज्यांना परवडत नाही ते एसीच्या डब्याखाली बसून पळालेल्यांचे फोटो बघतात. मी मधली. ज्यांना परवडतं त्यांच्या घरी मी स्वयंपाक करते.

यंदाही बॅगा उतरल्या. झोयानं विचारलं, "बाबा, वेअर आर वी गोइंग?" रफिकभाईंनी पेपरातून डोकं वर न काढता सांगितलं, "सलाला." भाभी म्हणाल्या, "पुन्हा ओमानच? पुन्हा सलाला?" ते म्हणाले, "तिथं नुसती भुरभुर असते. गडगडत नाही." फोडणीतली मोहरी तेवढी तडतडत राहिली.

रफिकभाईंचं मूळ रत्नागिरीकडचं, पण जन्म इथला. बर दुबईत मीना बाजारला कापडाचं दुकान, जबल अलीला गोडाऊन. माणूस इतका सौम्य की दुकानातल्या नोकराला ओरडायचं झालं तरी आधी पाणी विचारतात. मला 'अगंतुगं' करत नाहीत, "सुगंधा, जरा बघता का" असं म्हणतात. सातवीत शाळा सुटलेल्या बाईला अहोजाहो करणारा मालक मिळणं म्हणजे काय, ते मला विचारा. या घरात आले त्या दिवसापासून मी मनातल्या मनात रोज आभार मानते, आणि रोज घाबरते की उद्या हे सगळं जाईल. गॅस बंद आहे ना, दार लावलंय ना, झोयाचा हात माझ्या हातात आहे ना, हेच माझं दिवसभर चालू असतं. भाभींनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "सुगंधा, जेवण एखाद दिवशी जळलं तरी चालेल. पण रस्त्यात पोरीचा हात सोडायचा नाही." मी तो कधी सोडला नाही.

इथल्या माणसांची एक गोष्ट मला सुरुवातीला कळायचीच नाही. आमच्या संगमेश्वराकडे आभाळ काळं झालं की माणूस घरात पळतो. दुबईत आभाळ काळं झालं की माणूस घराबाहेर पळतो. हिवाळ्यात कधीतरी दोन-चार ढग येतात आणि सगळं शहर वेडं होतं. फोनवर फोन. "अरे, हत्ताकडे पडतोय!" "यल्ला, निकलो!" रफिकभाई दुकान नोकरांवर टाकून येतात, भाभी थर्मासमध्ये काळा चहा भरतात, मी पराठे गुंडाळते, आणि गाडी ढगाच्या मागे लागते. ढग जिकडे वळेल तिकडे आम्ही. वाळूत चटई टाकायची आणि डोक्यावर पाऊस घेत चहा प्यायचा. पोरं गाडीच्या टपातून बाहेर डोकं काढून किंचाळतात. रफिकभाई लहान असताना त्यांचे अब्बा त्यांना असंच ढगामागे न्यायचे. पाऊस म्हणजे त्यांच्यासाठी अब्बांचा हात धरून धावणं आहे.

माझ्यासाठी पाऊस म्हणजे वीज. आमच्या परड्यातल्या माडावर पडलेली. माड वरून खालपर्यंत उभा फाटला आणि ओला असून जळत राहिला. गडगडायला लागलं की वीज टळावी म्हणून आई अंगणात विळी भिरकावायची आणि आम्हां पोरांना धान्याच्या कणगीमागे कोंबायची. नंतर मी काजूच्या कारखान्यात लागले. भाजलेल्या बीचं तेल बोटांना लागलं की कातडी सोलवटून निघायची, हात काळे ते काळेच. पुढे लग्न झालं, आणि नवऱ्याचा हात होताच. त्याच्याबद्दल मी फार लिहिणार नाही. एवढंच सांगते, त्याचा हात नुसता वर गेला की मी गोळा व्हायची. गुडघे पोटाशी, डोकं गुडघ्यांत, दोन्ही हात मानेवर. पहिला फटका बसायच्या आत माझं सगळं अंग मुठीएवढं झालेलं असायचं. घर सोडलं, देश सोडला, पण अंगाची ती सवय सुटली नाही. इथं एकदा भाभींनी झुरळ मारायला चप्पल उगारली, तर मी ओट्याखाली बसलेली.

काही वर्षांपूर्वीच्या त्या उन्हाळ्यात अँडोऱ्याला जायचं रफिकभाईंच्या डोक्यात कुणी घातलं ते आठवत नाही. स्पेन आणि फ्रान्स यांच्या मधे डोंगरांनी मुठीत दाबून धरलेला देश. देश कसला, या टोकापासून त्या टोकापर्यंत जेवढं अंतर, त्याहून जास्त रफिकभाई रोज बर दुबईहून जबल अलीला जाऊन येतात. विमानतळ नाही, रेल्वे नाही. बार्सिलोनाहून गाडीनं घाट चढायचा. वळणावळणाला डोंगर अंगावर येत होते. एवढे उंच, एवढे जवळ की मला वाटलं कुणी ओरडलं तर खाली येतील. खाली नदी दगडांवर डोकं आपटत पळत होती. तिचा आवाज रात्रंदिवस. आमच्या भाड्याच्या घराची खिडकी लावली तरी तो फटीतून यायचा.

देश बघितला की. काळ्या पाटीच्या दगडाची छपरं, सुकायला टांगलेली तंबाखूची पानं, दगडी देवळांचे चौकोनी मनोरे. बाजारात एक आख्खा रस्ता अत्तरांचा आणि घड्याळांचा. भाभी तिथं शिरल्या त्या बाहेरच येईनात. एका दुकानात गल्ल्यावरच्या माणसानं आमच्याकडे बघून सरळ हिंदीतच विचारलं, "दुबई से? चाय पियोगे?" किशोरभाई, सिंधी. त्याची अर्धी हयात त्या डोंगरात गेली होती. रफिकभाई हसून म्हणाले, "सुगंधा, चंद्रावर गेलं तरी सिंधी माणूस दुकान उघडून बसलेला असेल." किशोरभाई म्हणाला, "और उधर भी दुबईवाला आकर डिस्काउंट माँगेगा." जाताना त्यानं एवढंच बजावलं, "ऊपर जाना है तो सुबह जाओ. दोपहर के बाद पहाड़ का दिमाग़ फिर जाता है." रफिकभाईंनी मान डोलावली. किती पर्यटक असंच मान डोलावत असतील.

त्या दिवशी निघायलाच उशीर झाला. मी बिर्याणी दमावर ठेवली होती, ती उतरवून सगळं पातेलंच्या पातेलं गाडीत घेतलं. चटई, थर्मास, ॲल्युमिनियमच्या घडीच्या खुर्च्या. गाडी लावून वर चढलो तर एक मोठा उघडा सडा, डोंगरावरचं माळरान. गवत, पिवळी फुलं, काटेरी झुडपं, मधूनच दगड. खालच्या अंगाला तारेचं कुंपण, कुंपणाला लागून एकच झाड, आणि झाडाखाली घोड्या चरत होत्या. गळ्यात घंटा. टणटण आवाज वर येत होता. मागच्या डोंगराआडून ढग चढायला लागला. पांढरा नाही, जांभळा. पाठीवर सॅक लावलेली गोरी माणसं भराभर खाली उतरत होती. एकानं आम्हांला बघून हातानं खाली, खाली अशी खूण केली.

रफिकभाईंनी त्याला हात हलवून सलाम केला आणि मोठ्यानं म्हणाले, "बघा, हे लोक पावसाला घाबरतात! यल्ला, चटई टाका."

मी म्हटलं, "भाई, गडगडतंय."

"गडगडू दे ना. आपण पैसे भरून आलोय त्याला भेटायला."

भाभी हसल्या. झोया तर आधीच टाळ्या पिटत होती. दुबईत असतो तर हत्ताच्या वाळूत हेच केलं असतं, आणि मीही हसले असते. मी चटई टाकली. चारही कोपऱ्यांवर दगड ठेवले.

आधी गारा आल्या. इथल्या लोकांना माहीत आहेत तशा नाहीत. बोराएवढ्या, दगडासारख्या. पातेल्याच्या झाकणावर ताशा वाजायला लागला. कपाळावर, हनुवटीवर, हातांवर मार. भाभींच्या भुवईतून रक्त आलं. झोयाला अजून खेळच वाटत होता. ती तोंड उघडून गार पकडायला बघत होती. मग गारा एकदम थांबल्या, आणि ते थांबणं जास्त वाईट होतं. हवा ताणल्यासारखी झाली. घडीच्या खुर्च्यांतून गुणगुण यायला लागली, मधमाश्यांच्या पोळ्याला काठी लागल्यावर येते तशी. झोयाचे केस हळूहळू वर उभे राहिले, सगळे, वाऱ्याशिवाय.

"मावशी, लुक! माय हेअर!"

आणि मग पलीकडच्या कड्यावर वीज उतरली. कडा फुटला. खरोखर फुटला, दगड घरंगळत गेल्याचं मी पाहिलं. त्या आवाजानं आम्ही चौघं एकमेकांवर कोसळलो. भीती वाटली की माणूस जे करतो तेच केलं, एकमेकांना मिठ्या मारल्या. भाभींनी झोयाला पोटाशी घेतलं, रफिकभाईंनी दोघींना कवेत घेतलं, मी झोयाचं मनगट धरलं आणि बाकी अंगानं गोळा झाले.

खालून कुणीतरी ओरडत येत होतं. एकच शब्द, पुन्हा पुन्हा. गवतातून ती बुटकी म्हातारी चढत होती, घोड्यांच्या बाजूनं आमच्याकडे. आली ती थांबलीच नाही. काठी उचलली आणि रफिकभाईंच्या पाठीत घातली. मग भाभींच्या हातांवर. भाभी किंचाळल्या. तिनं झोयाची कॉलर धरून तिला ओढलं. मी मनगट धरून होते. काठी माझ्या हातावर आली. मी सोडलं नाही. परत आली, त्याच जागी. हाड वाजलं. मी तरी सोडलं नाही, कारण मला जगात तेवढं एकच काम सांगितलेलं होतं. तिनं माझ्या डोळ्यांत बघितलं, दात आवळले, आणि काठीचा टोकाचा भाग माझ्या बोटांच्या पेरांवर असा मारला की बोटं आपोआप उघडली. झोया सुटली. बाईनं तिला लाथेनं उतारावर ढकललं. पोर काट्यांच्या झुडपात जाऊन पडली आणि गुरासारखी ओरडली.

तेव्हा रफिकभाई उठले. नोकराला पाणी विचारणारा तो माणूस. त्यांनी त्या म्हातारीला दोन्ही हातांनी छातीवर ढकललं. ती दगडावर पडली, ओठ फुटला, तोंड रक्तानं भरलं. "माझ्या पोरीला हात लावतेस?" असं काहीतरी ते ओरडले. तो आवाज मी त्यांच्या तोंडून त्याआधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. माझ्या ओळखीचा होता मात्र. म्हातारी उठली. रक्त थुंकली. काठी आडवी फिरवून तिनं त्यांच्या गुडघ्यांमागे मारली. ते खाली बसले. तिनं त्यांचं डोकं गुडघ्यांत दाबलं आणि मला पायानं ढोसून लांब, आणखी लांब घालवलं. भाभींना तिसरीकडे. मी जिथं पडले तिथंच गोळा झाले. त्या दिवशी एवढं एक मला कुणी शिकवावं लागलं नाही.

मग सगळं पांढरं झालं.

आवाज आला की नाही, सांगता येणार नाही. जमिनीनं मला खालून लाथ मारली एवढं आठवतं. कान बंद. तोंडात लोखंडाची चव. मान वर केली तेव्हा पहिला आला तो वास, केस जळल्याचा, कातडं भाजल्याचा. मला वाटलं मी काजूच्या भट्टीपुढे उभी आहे. मग एकेक करून दिसायला लागले. रफिकभाई हलले. भाभी रांगत होत्या. झुडपातून झोयाचा रडण्याचा आवाज आला, आणि जन्मात मला कुठला आवाज इतका गोड लागला नाही.

खाली घंटा वाजत नव्हत्या.

झाडाला आग लागली होती. त्याच्याखाली, तारेला चिकटून, सगळ्या घोड्या पडल्या होत्या. एकीवर एक. वादळाला भिऊन त्याही एकमेकींना बिलगल्या होत्या, आम्ही बिलगलो होतो तशाच. एक शिंगरू तेवढं उभं होतं, लांब, एकटं. कळपापासून चुकलेलं होतं म्हणून वाचलेलं. ते थरथरत आईकडे आलं आणि तिच्या पोटाला तोंडानं ढुशा द्यायला लागलं.

म्हातारी आमच्याकडे न बघता तिकडे गेली. मग खाली बसून तिनं एकेकीच्या गळ्यातली घंटा सोडवली, पट्टा मानेवरून काढताना हळूच, जिवंत जनावराचा काढावा तसा. मग शिंगराच्या मानेवर हात ठेवून ते ढकलत ढकलत चालायला लागली, आणि आम्हांला मान झटकून खूण केली, या. आम्ही तिच्यामागून उतरलो. बिर्याणीचं पातेलं तिथंच राहिलं. तोवर मला वाटत होतं की डोंगरातली एक वेडी आमच्यावर चालून आली आणि योगायोगानं आम्ही वाचलो.

दुसऱ्या दिवशी रफिकभाई किशोरभाईला घेऊन तिच्या घरी गेले. आम्हीही. दगडी घर, खाली गोठा. वर त्या सड्यावर गिधाडं फिरत होती, अंगणातून दिसत होती. मर्सेबाईचा ओठ सुजला होता. रफिकभाई दारातच थांबले. त्यांना वर बघता येईना. शेवटी म्हणाले, "किशोरभाई, त्यांना सांगा, मी त्यांच्यावर हात उचलला." आणि रडायला लागले, मोठ्या माणसानं रडू नये तसे.

किशोरभाईनं सांगितलं. तिनं ऐकलं, हात झटकला आणि काहीतरी बोलली. किशोरभाई म्हणाला, "बोलती है, घोड़ा भी लात मारता है."

रफिकभाईंनी पाकीट काढलं. तिनं त्यांची मूठ पाकिटासकट मिटवून त्यांच्याच खिशात घातली. मग भाभींनी हातातली सोन्याची बांगडी काढून तिच्या मनगटात सरकवली. तिनं ती उन्हात धरून बघितली, हसली, आभाळाकडे बोट दाखवलं आणि परत दिली. असली चमकणारी वस्तू घेऊन डोंगरात कोण फिरणार!

मग तिनं माझा हात ओढून घेतला. मनगट काळंनिळं, बोटं सुजलेली. ती किशोरभाईला काही म्हणाली, तो हसायला लागला. "बोलती है, ऐसी ज़िद्दी तो मेरी खच्चर भी नहीं थी."

मी विचारलं, "भाई, त्यांना विचारा ना, आम्हांला का मारलं?"

तिनं दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवून दाखवली, मग ती सोडून लांब लांब केली. किशोरभाई सांगत गेला. वीज एकावर पडली की लगटून उभ्या असलेल्या सगळ्यांना घेते. वादळ आलं की ती घोड्यांना तारेपासून हाकलते, पांगवते. काल त्यासाठीच चढत होती. अर्ध्या वाटेत वर बघितलं तर आम्ही.

मग ती एक वाक्य बोलली आणि किशोरभाई गोठ्याकडे बघायला लागला. रफिकभाईंनी विचारलं, "क्या बोली?"

"बोलती है, झुंड दो थे. वक़्त एक का था."

गोठ्यात शिंगरू ओरडत होतं. ते बाटलीचं दूध तोंडात घेत नव्हतं.

मी आयुष्यात पुष्कळ मार खाल्ला. बापाचा, मास्तरांचा, नवऱ्याचा. प्रत्येक मार सांगायचा, इथंच राहा, हलू नकोस. सोड, लांब हो, जग, असं सांगणारा मार मी एकदाच खाल्ला, आणि तो मारणारीचं सगळं त्या वेळात खाली जळत होतं. मारणारा हात आणि वाचवणारा हात मी वेगवेगळे ठेवले होते. ते आता एका कप्प्यात आलेत, आणि मला अजून त्यांची नीट मांडामांड जमत नाही. कुणी काठी उगारली तर मी आजही खाली बसेन. पण बसता बसता एकदा वर बघेन, काठी कुणाची आहे ते.

झोया आता मोठी होतेय. गेल्या हिवाळ्यात ऊद मेथावर ढग आले, बिल्डिंगीतली सगळी पोरं ओरडत खाली धावली. रफिकभाई बाल्कनीचं दार लावून आत येऊन बसले. झोया माझ्याजवळ येऊन बसली, पण चिकटून नाही, मधे हातभर जागा सोडून. मी विचारलं, "घाबरलीस?" ती म्हणाली, "नो. जस्ट, यू नो." मला माहीत होतं.

मी भाभींना एकदा म्हटलं, मला एक उन्हाळा सुट्टी द्या. त्यांनी विचारलं, गावाला? मी म्हटलं, नाही, तिकडे. त्या म्हणाल्या, "इन्शाल्ला." मला ठाऊक आहे, सातवी नापास बाईला एकटीला तिकडचा व्हिसा कोण देईल, रस्ता कोण दाखवेल, तिची भाषा मला कशी कळेल. रात्री झोप लागत नाही तेव्हा हीच काळजी करते. ती तोवर असेल ना, अशीही करते. पण जाईन. मर्सेबाई, एक आख्खा उन्हाळा मी तुमच्या हाताखाली राबणार आहे. गोठा काढीन, गवत वाहीन, सांगाल ते करीन. आणि दुपारी ढग चढायला लागला, वर सड्यावर कुणीतरी अडाण्यासारखं चटई टाकून बसलेलं दिसलं, तर तुम्ही माणसांकडे धावा. घोड्यांकडे मी जाईन.